जुनी ३३५ ची आणि नवी ५४० ची पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या रांगेत) : ऑप्टिमायझर लावून खरंच किती वाढतं?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे पुढचा हिशोब लागेल. निफाडजवळ घर, २०१८ च्या आसपास बसवलेली ३३५ वॅटची ६ पॉली पॅनल, ३ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर आणि त्याला एकच एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर निघेल असा व्होल्टेज-करंटचा पॉइंट शोधणारा भाग. आता ५४० वॅटची ४ मोनो पर्क हाफ कट पॅनल आणली आणि बसवणाऱ्याने ती त्याच स्ट्रिंगमध्ये पुढे जोडून दिली. कागदावर ४१७० वॅट झाले पण एप्रिलच्या भर दुपारीसुद्धा अ‍ॅपवर २८०० च्या वर आकडा जात नाही, आणि चारनंतर टाकीची सावली दोन जुन्या पॅनलवर आली की जे काय येत होतं तेही धाडकन खाली येतं. दुकानदार म्हणतोय दहाच्या दहा पॅनलला ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक पॅनलची पॉवर वेगळी सांभाळणारा छोटा डबा, लावा. लावू का?

दहाला तर अजिबात नको. आणि तुमच्या केसमध्ये मला वाटतं एकालाही नको, पण का नको ते आकड्यांनी बघूया, कारण दुसऱ्या कुणाच्या छतावर हेच उत्तर उलटंही येऊ शकतं.

सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलमधून करंट एकच वाहतो, हे सगळ्यांना माहीत असतं पण त्याचा परिणाम किती होतो ते कुणी मांडून बघत नाही. तुमचं ३३५ चं पॅनल त्याच्या सर्वोत्तम पॉइंटला साधारण ३७.७ व्होल्ट आणि ८.९ अँप देतं. नवं ५४० चं पॅनल ४१.५ व्होल्ट आणि १३ अँप. आता स्ट्रिंग ८.९ अँपवर चालली तर नवं पॅनल पण ८.९ च देणार, त्याचं व्होल्टेज थोडं वर सरकून ४५ च्या आसपास जाईल, म्हणजे ५४० च्या जागी ४०० वॅट. चार पॅनलचे १६००, जुन्या सहाचे २०१०, एकूण ३६१० च्या आसपास. म्हणजे मिसमॅचमुळे, दोन प्रकारच्या पॅनलचे करंट न जुळल्यामुळे, गेले साधारण ५६० वॅट. तेसुद्धा लॅबच्या अटींवर, २५ डिग्री सेल टेंपरेचर धरून. एप्रिलमध्ये सेल ६५ डिग्रीला जातो, दर डिग्रीला ०.३५ ते ०.४ टक्के पॉवर कमी, म्हणजे तिथेच १४-१६ टक्के गेले, वर धूळ, वायर, इन्व्हर्टरचा स्वतःचा लॉस. हे सगळं धरलं की ३६१० चे २८५० च्या आसपास होतात. तुम्हाला दिसतंय तेच. म्हणजे तुमची सिस्टीम बिघडलेली नाही, ती जशी जोडली आहे तसंच बरोबर चालतेय, हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण इन्व्हर्टर खराब आहे असं सांगून तो बदलायला लावणारे पण भेटतील.

आता ऑप्टिमायझर नेमकं काय करतो. पॅनलच्या मागे बसणारा छोटा डीसी टू डीसी कन्व्हर्टर आहे तो. बरेचसे, म्हणजे टिगो कंपनीसारखे जे कुठल्याही इन्व्हर्टरबरोबर चालतात आणि हव्या तेवढ्याच पॅनलला लावता येतात, ते बक पद्धतीचे असतात, व्होल्टेज खाली आणतात आणि त्याच प्रमाणात करंट वर नेतात. पॉवर तीच, फक्त वाटणी बदलते. तुमच्या जुन्या पॅनलला असा एक लावला तर आत ३७.७ व्होल्ट ८.९ अँप येतील आणि बाहेर २५.८ व्होल्ट १३ अँप निघतील. दोन्हीकडे गुणाकार करून बघा, ३३५ च. म्हणजे जुनं पॅनल आता १३ अँपच्या स्ट्रिंगमध्ये अडथळा न होता बसलं. सहा जुनी मिळून १५५ व्होल्ट, चार नवी १६६ व्होल्ट, एकूण ३२१ व्होल्ट गुणिले १३ अँप, आले ४१७० वॅट. त्यातून कन्व्हर्टरचा स्वतःचा एक-दोन टक्के लॉस जाईल, तोही फक्त जुन्या सहा पॅनलच्या पॉवरवर.

इथे एक गोष्ट नीट बघा कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. बक ऑप्टिमायझर कमी करंटच्या पॅनलला लावायचा असतो. म्हणजे जुन्या, दुबळ्या, सावलीतल्या पॅनलला. बरेच जण नव्या महाग पॅनलला लावून येतात, की बाबा नव्याचं पूर्ण मिळालं पाहिजे. पण नव्या पॅनलला बक लावून तो करंट आणखी वाढवणार, आणि स्ट्रिंग तर जुन्यामुळे ८.९ लाच अडलेली, मग तो नुसता आरपार वायरसारखा पडून राहतो. दहाला दहा लावायचे तर त्यातले चार तुमच्याकडे काहीच काम करणार नाहीत.

सोलरएज कंपनीचं प्रकरण वेगळं आहे. तिथे ऑप्टिमायझर व्होल्टेज खाली पण नेतो आणि वर पण, प्रत्येक पॅनलला लावावाच लागतो आणि इन्व्हर्टरही त्यांचाच लागतो, स्ट्रिंगचं व्होल्टेज एका ठरलेल्या आकड्याला धरून ठेवतात. मिक्स पॅनलसाठी ती सिस्टीम चांगली आहे, सेफ्टी पण चांगली, बंद केल्यावर प्रत्येक ऑप्टिमायझर १ व्होल्टवर येतो त्यामुळे दहा पॅनलच्या स्ट्रिंगवर मीटर लावलं तर दहा व्होल्ट दिसले पाहिजेत, तपासायला किती सोपं. पण त्यासाठी तुमचा चालू इन्व्हर्टर काढून टाकावा लागेल, म्हणून ती नव्याने सगळं बसवणाऱ्यासाठी. आणखी एक पद्धत अभ्यासाच्या पातळीवर भरपूर झालेली आहे, डिफरन्शियल पॉवर प्रोसेसिंग, त्यात कन्व्हर्टरमधून सगळी पॉवर न जाता दोन पॅनलमधला फक्त फरक जातो, त्यामुळे लॉस जवळजवळ नगण्य आणि कन्व्हर्टरही बारीक लागतो. मला स्वतःला ती फार आवडते, पण तुमच्या घरासाठी आज दुकानात जाऊन घ्यावी अशी ती वस्तू नाही.

मग सहा जुन्या पॅनलला सहा ऑप्टिमायझर लावले की झालं का? नाही, कारण मध्ये तुमचा इन्व्हर्टर बसलाय आणि त्याच्या दोन मर्यादा आहेत.

पहिली करंटची. त्या काळातल्या बऱ्याच ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला एमपीपीटीवर ११-१२ अँपची मर्यादा असायची, कारण तेव्हा पॅनलच ९ अँपची होती. इन्व्हर्टरच्या बाजूला जी प्लेट असते तिच्यावर डीसीच्या रकान्यात मॅक्सिमम इनपुट करंट बघा. समजा ११ लिहिलंय. मग स्ट्रिंग १३ वर जाणारच नाही, ११ वर थांबेल, नवी पॅनल ४८० च्या आसपास देतील, आणि एकूण ३९०० होतील. म्हणजे ५६० ची आशा होती तिथे ३०० च्या आसपास मिळाले. त्याच प्लेटवर शॉर्ट सर्किट करंटची (पॅनलची दोन टोकं थेट जोडली तर वाहणाऱ्या करंटची) पण वेगळी मर्यादा असते, नव्या पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट १३.८ च्या आसपास आहे, तो त्या मर्यादेच्या आत बसतोय का बघा. न बसल्यास ते पॅनल त्या इन्व्हर्टरला लावूच नये, ऑप्टिमायझर असो वा नसो.

दुसरी मर्यादा जास्त साधी आणि जास्त निर्णायक आहे. इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा आहे. समजा करंटची अडचण नाही, ऑप्टिमायझर लावून मिसमॅच पूर्ण गेला, तरी एप्रिलच्या दुपारी ४१७० चे ३३०० च्या आसपास होणार, आणि इन्व्हर्टर ३००० ला कापणार. आज २८५० मिळतायत, उद्या ३००० मिळतील. भर दुपारी हाती आले दीडशे वॅट. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीननंतर पूर्ण फायदा मिळेल, कारण तेव्हा कापाकापी नाही, पण त्या वेळेला पॉवरच कमी असते त्यामुळे फायदाही कमी. सहा ऑप्टिमायझर, त्यांचं फिटिंग, प्रत्येक पॅनल उचलून मागे हात घालायचा, आणि हाती इतकंच, मला तरी हा खर्च पटत नाही.

आता टाकीची सावली, कारण दुकानदाराने तुम्हाला बहुतेक त्याच मुद्द्यावर पटवलं असणार.

प्रत्येक पॅनलच्या मागच्या जंक्शन बॉक्समध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. ७२ सेलच्या पॅनलमध्ये २४-२४ सेलचे तीन गट, प्रत्येक गटाला एक डायोड. गटावर सावली आली आणि त्याला स्ट्रिंगचा करंट पेलेनासा झाला की डायोड त्या गटाला वळसा घालून करंट पुढे नेतो. चांगली सोय आहे, नाहीतर सावलीतला सेल तापून हॉटस्पॉट झाला असता. पण याच्यामुळे पॉवरच्या आलेखाला एक शिखर न राहता दोन-तीन शिखरं होतात, आणि साधा एमपीपीटी जवळच्या शिखरावर चढून तिथेच बसतो, पलीकडे मोठं शिखर आहे हे त्याला कळतच नाही, कारण तो नुसता थोडं इकडे थोडं तिकडे करून बघत असतो.

तुमच्या चार वाजताच्या परिस्थितीत हे घालून बघू. सावली नसलेली जुनी पॅनल तेव्हा समजा ४ अँप देतायत आणि सावलीतली दोन फक्त १ अँप. इन्व्हर्टरला दोन वाटा आहेत. एक, ४ अँपवर चालायचं, सावलीतल्या दोघांना डायोडने बायपास होऊ द्यायचं, मग चार जुनी आणि चार नवी मिळून ३२० व्होल्टच्या आसपास, म्हणजे १३०० वॅट. दुसरी, १ अँपवर चालायचं, दहाही पॅनल धरून, व्होल्टेज ४४० पण पॉवर फक्त ४४०. सावली हळूहळू सरकत येते तसा तुमचा इन्व्हर्टर जुन्या शिखराला चिकटून त्या ४४० वाल्या शिखरावर अडकतो, म्हणून तुम्हाला आकडा धाडकन पडलेला दिसतो. अ‍ॅपमध्ये त्या वेळेचं डीसी व्होल्टेज काढून बघा, ते दुपारपेक्षा चढलेलं आणि करंट एकदम पडलेला असेल तर हेच होतंय.

याला उपाय फुकट आहे. बहुतेक इन्व्हर्टरमध्ये शॅडो मोड, ग्लोबल एमपीपीटी स्कॅन, एसएमए कंपनीच्या मशीनमध्ये शेडफिक्स, अशा कुठल्या ना कुठल्या नावाने एक सेटिंग असतं, ते चालू केलं की इन्व्हर्टर ठराविक वेळाने सगळा पल्ला झाडून बघतो आणि मोठ्या शिखरावर जाऊन बसतो. बऱ्याच मशीनमध्ये ते आधीपासून बंदच असतं, स्क्रीनवरून किंवा इन्स्टॉलरच्या लॉगिनमधून चालू करावं लागतं. हे केलं की ४४० चे १३०० होतात. आणि ऑप्टिमायझर लावून त्याच्यावर आणखी किती येतील? सावलीतली दोन पॅनल प्रत्येकी १ अँप गुणिले ३६ व्होल्ट, ३६ वॅट, दोघांचे ७२. बस. तेही रोज तास-दीड तास. जो सूर्यप्रकाश पॅनलवर पडलाच नाही तो कुठलाही कन्व्हर्टर परत आणू शकत नाही, तो फक्त सावलीतल्या पॅनलमुळे बाकीच्यांचं होणारं नुकसान थांबवतो, आणि ते नुकसान तर सेटिंगनेच थांबलं.

टाकीच सरकवता आली तर सगळ्यात छान. पॅनलच्या उत्तरेला गेली की वर्षातला बराच काळ प्रश्नच मिटतो. आपल्याकडे नाशिकच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्याअखेरपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य भर दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, पण तेव्हा तो इतका डोक्यावर असतो की सावली टाकीच्या पायाशीच राहते; उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळकडे मात्र सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, त्या वेळेला थोडी सावली येऊ शकते.

मग मूळच्या ५६० वॅटचं काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे, जुनी आणि नवी पॅनल वेगळी करा. जुनी सहा तशीच ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर राहू द्या, आणि नव्या चारसाठी २ किलोवॅटच्या आसपासचा छोटा इन्व्हर्टर घ्या. किंवा जुना काढून दोन एमपीपीटीचा ५ किलोवॅटचा घ्या, एका एमपीपीटीवर जुनी सहा आणि दुसऱ्यावर नवी चार. एमपीपीटी हाही शेवटी आत बसवलेला डीसी टू डीसी कन्व्हर्टरच आहे, सहा ठिकाणी छतावर उन्हात ठेवण्यापेक्षा एका ठिकाणी भिंतीवर सावलीत ठेवला तर जास्त टिकतो, आणि बिघडला तर पॅनल न उचलता दुरुस्त होतो. पॅनलच्या मागे उन्हाळ्यात ६५-७० डिग्रीला रोज तापणारं इलेक्ट्रॉनिक्स कंपनी कितीही वर्षांची वॉरंटी देवो, बदलायला वर चढणारा माणूस आणि त्याची मजुरी तुमचीच असते. चार पॅनलसाठी मायक्रो इन्व्हर्टर (पॅनलच्या मागेच बसणारे छोटे इन्व्हर्टर) पण चालतील, एनफेज कंपनीसारखे, फक्त ५४० वॅटच्या पॅनलला आणि त्या करंटला चालणारं मॉडेल आहे का ते डेटाशीटवर बघून. तिन्हींचे भाव घ्या, फिटिंगसकट, आणि सहा ऑप्टिमायझरच्या भावाशेजारी ठेवून बघा. आणि यातलं काहीही केलं तरी क्षमता वाढतेय, नेट मीटर आहे म्हणजे महावितरणकडे वाढीव क्षमतेचा अर्ज करून मंजुरी घ्यायचीच, पॅनल तर आधीच चढलीत, निदान कागद आता मागे ठेवू नका.

पॅरलल जोडून बघू का असंही कुणीतरी सुचवेल. नको. सहाची स्ट्रिंग २२६ व्होल्टवर खुश असते आणि चारची १६६ वर, एकाच एमपीपीटीवर दोघींना एकच व्होल्टेज मिळणार, म्हणजे इन्व्हर्टरला १७० च्या आसपास बसावं लागेल आणि जुन्या स्ट्रिंगचे चारशे-साडेचारशे वॅट जातील. वर इन्व्हर्टर बंद असताना जास्त व्होल्टेजच्या स्ट्रिंगमधून कमी व्होल्टेजच्या स्ट्रिंगमध्ये उलटा करंट वाहतो, ते वेगळंच.

ऑप्टिमायझर कुठे घ्यावा तेही सांगतो, नाहीतर मी त्याच्या विरोधातच आहे असं वाटेल. छत वाकडंतिकडं आहे, चार दिशांना दोन-दोन पॅनल आहेत, आणि प्रत्येकीला वेगळा एमपीपीटी देणं शक्य नाही, तिथे. झाडाची, शेजारच्या बिल्डिंगची सावली दिवसभर वेगवेगळ्या पॅनलवर फिरत राहते, तिथे. एका लांब स्ट्रिंगमध्ये एक-दोन पॅनल फुटली आणि तेवढ्या करंटचं मॉडेल आता मिळत नाही, त्याच्या जागी कमी करंटचं लावावं लागतंय, तिथे तर नक्की, फक्त त्या एक-दोन पॅनललाच. त्यातही आधी हे बघा की बदली पॅनलचा करंट जुन्याइतका किंवा जास्त आहे का, असेल तर सिरीजमध्ये काहीच नुकसान नाही, ऑप्टिमायझर लागतच नाही. सौर पंपावर गारपिटीत एखादं पॅनल फुटलं की वॅट जुळवत बसतात, वॅट नाही, आयएमपी, म्हणजे सर्वोत्तम पॉइंटचा करंट, जुळवायचा. लेबलवर लिहिलेला असतो.

वायरिंग वेगळं करेपर्यंत हिवाळा आला तर एक काळजी. दहाही सिरीजमध्ये असताना ओपन सर्किट व्होल्टेज (करंट वाहत नसतानाचं) जुन्याचं ४६ गुणिले ६ आणि नव्याचं ४९.५ गुणिले ४ मिळून ४७४ होतं, आणि निफाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाचच्या खाली जातो तेव्हा हे ५०० च्या वर जातं, कारण थंडीत व्होल्टेज चढतं. इन्व्हर्टरच्या प्लेटवर डीसी मॅक्सिमम ६०० किंवा ५५० असेल तर ठीक, ५०० असेल तर थंडीच्या आधी ही जोडणी मोडाच, एका सकाळीसुद्धा इनपुट स्टेज उडू शकते.

वेगळं करताना जुन्या सहाची एकेक करून तपासणी करून घ्या, संधी परत मिळत नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी लाईन तोडणारा स्विच) बंद, मगच कनेक्टर काढायचा, चालू करंटवर एमसी फोर (पॅनलच्या वायरचा कनेक्टर) ओढला तर डीसीचा आर्क लवकर विझत नाही, हात आणि कनेक्टर दोन्ही जातात. मग अकरा ते एकच्या दरम्यान प्रत्येकाचं ओपन व्होल्टेज घ्या. सगळी ४०-४२ दाखवतायत (उन्हात तापलेली आहेत म्हणून ४६ नाही) आणि एखादंच २७-२८ दाखवत असेल तर त्याचा एक बायपास डायोड शॉर्ट झालाय, पॅनलचा तिसरा भाग मेलेला आहे. जंक्शन बॉक्स उघडता येण्यासारखा असेल तर डायोड बदलता येतो, बरेच सीलबंद असतात. आणि नवीन कनेक्टर लावताना दोन वेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत घालू नका, बसतात व्यवस्थित पण आत संपर्क सैल राहून वितळतात.

सगळं वेगळं झाल्यावर एप्रिल-मेच्या स्वच्छ दुपारी जुन्या स्ट्रिंगवर १९० व्होल्ट आणि ८ अँपच्या थोडं वर, नव्यावर १४० व्होल्ट आणि १२ अँपच्या आसपास दिसायला हवं, मिळून ३३०० च्या जवळपास. नव्या इन्व्हर्टरचं स्टार्टिंग व्होल्टेज आणि एमपीपीटीचा खालचा आकडा या १४० च्या बऱ्यापैकी खाली असला पाहिजे, पैसे द्यायच्या आधी डेटाशीटवर एवढं नक्की बघून घ्या.